मांडवीच्या चौकातला क्लास

आज दिवसभर एकच चित्र बघत बसले होते. वारशाने हाती आलेलं, जावा या संगणकीय भाषेतलं जुनं कोड: प्रत्येक क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक तुकडा, हा एक ठिपका, कोण कोणावर अवलंबून आहे ते दाखवणारे बाण. लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेत. वाचायला सुरुवात करायची कुठून?

आधी पेजरँक चालवला, ब्रिन आणि पेज यांनी १९९८ साली वेबपानांसाठी मांडलेला तोच: ज्याच्याकडे जास्त आणि वजनदार बाण येतात, तो वर. वर आले लॉगर (कामाच्या नोंदी ठेवणारे) आणि तारखांचे मदतनीस क्लास. बरोबरच आहे, त्यांना सगळेच बोलावतात. पण त्यावरून कामकाज कसं चालतं ते कळत नाही. मग क्लाइनबर्ग यांची हब-ऑथॉरिटीची रीत लावली: ज्यांच्याकडे अनेक जण वळतात ते ऑथॉरिटी, आणि अशा अनेकांकडे वळणारे ते हब. हब म्हणून वर आले ते खरे सूत्रधार. वाचन तिथूनच सुरू केलं.

मन मात्र अडकलं तिसऱ्याच मापात. फ्रीमन यांनी १९७७ साली माणसांच्या जाळ्यांसाठी मांडलेलं 'बिटवीननेस': इतरांमधल्या जवळच्या वाटांपैकी किती तुमच्यावरून जातात? त्यात एक एवढासा क्लास एकदम वर आला. वापरणारे मोजकेच, म्हणून पेजरँकमध्ये तळाला. पण कोडमधल्या बिलांच्या भागाकडून मालसाठ्याच्या भागाकडे जाणारी जवळजवळ प्रत्येक वाट त्याच्यावरूनच जाते.

संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी न जाता आधी जुन्या बडोद्याच्या मधोमध असलेल्या मांडवीला गेले. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी. चारी दरवाजांचे रस्ते इथेच येऊन मिळतात. बराच वेळ तिथे उभी होते.

त्या क्लासला एकही टेस्ट, म्हणजे तो बरोबर चालतो का हे तपासणारं कोड, नाही. उद्या सकाळी पहिली तीच लिहिणार.