भुयारी स्थानकातला इशारा

हवेतील घातक जीवाणूंचा माग काढणारी उपकरणे विकसित करणे हे माझे काम आहे. त्या रात्री आमचे यंत्र एका भुयारी रेल्वे स्थानकाच्या फलाटावर बसवलेले होते आणि शेवटची गाडी गेल्यापासून पहिली गाडी सुटेपर्यंत तिथली नेहमीची हवा कशी असते, याची नोंद आम्ही घेत होतो. अशा नोंदींसाठी निधी मागताना फार घासाघीस करावी लागते, कारण त्यांतून दाखवण्याजोगे सहसा काहीच निघत नाही.

यंत्रात ओढलेला प्रत्येक कण दोन अतिनील झोतांतून जातो. २८० नॅनोमीटरच्या झोताने प्रथिनांतले ट्रिप्टोफॅन चमकते, तर ३७० च्या झोताने पेशींतली इतर काही द्रव्ये निळसर उजळतात. १ ते १० मायक्रॉन आकाराच्या, म्हणजे श्वासावाटे आत जाऊ शकणाऱ्या कणांची संख्या एकाएकी वाढली आणि ते चमकूही लागले, की यंत्र इशारा देते आणि हवा फिल्टरवर गोळा करू लागते. जीवाणू नेमका कोणता, हे मात्र त्या फिल्टरवरच्या पीसीआर, म्हणजे जनुकांवरून जीवाणू ओळखणाऱ्या चाचणीतूनच कळते.

पहाटे चारच्या सुमारास इशारा आला. चाचणीचा काळ असल्याने भोंगा बंद होता, पण स्थानक अधिकारी शेजारीच बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "पहिली गाडी सोडायची की नाही?"

पडद्यावरचा आलेख मला खटकला. ३७० ची रेषा झपाट्याने चढत होती, २८० ची जवळजवळ सपाट होती. बंदिस्त कक्षात आम्ही बॅसिलस ॲट्रोफिअस या निरुपद्रवी जीवाणूचे बीजाणू सोडून पाहतो, तेव्हा ट्रिप्टोफॅनची रेषा अशी मुळीच पडून राहत नाही. शिवाय विखुरलेल्या प्रकाशावरून बरेच कण लांबट असल्याचे दिसत होते. कॅमेऱ्यात पाहिले, तर यंत्राच्या तोंडाशी एक सफाई कर्मचारी धुतलेल्या फडक्यांचा गठ्ठा सोडून एकेक फडके झटकत होत्या. कापड शुभ्र दिसावे म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य घालतात, ते अतिनील प्रकाशात निळे चमकते.

"मग फडक्यांमुळे झाले, असे लिहून द्या," अधिकारी म्हणाले. ते मला लिहून देता येईना, कारण तिथे फडकी होती म्हणून दुसरे काही नव्हतेच, असे सिद्ध होत नाही. अमेरिकेत २००१ साली टपालातून आलेल्या, अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जीवाणूंच्या भुकटीने २२ जण आजारी पडले आणि त्यांतले ५ दगावले. उलट, तिथे २००३ मध्ये सुरू झालेल्या, हवेतल्या घातक जीवाणूंवर नजर ठेवणाऱ्या 'बायोवॉच' यंत्रणेत फिल्टरवर निसर्गातलेच जीवाणू सापडून शंभराहून अधिक वेळा निष्कर्ष सकारात्मक आले आणि त्यांपैकी एकाही वेळी हल्ला झालेला नव्हता. म्हणून आम्ही एका जीवाणूसाठी एकाहून अधिक जनुकखुणा तपासतो.

तंत्रज्ञाने फिल्टर काढून चाचणी लावली. अधिकाऱ्यांनी तोवर प्रवाशांना दारावरच थांबवायचे ठरवले, आणि माझ्या मते त्या पहाटेचा सर्वांत अवघड निर्णय त्यांचाच होता. पहिल्या गाडीच्या थोडे आधी निकाल आला. सर्व खुणा नकारात्मक होत्या आणि चाचणी नीट चालल्याची खात्री देणारा अंतर्गत नियंत्रक नमुना सकारात्मक होता. त्याशिवाय त्या नकाराला काही किंमत नसते.

गाडी गेल्यावर मी त्या कर्मचाऱ्यांना विनंती केली, "ताई, एक फडके पुन्हा झटकता का?" त्यांनी झटकले आणि आलेखावर तोच उंचवटा उमटला.

हा नमुना सॉफ्टवेअरने गाळून टाकावा, असे माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. मी विरोध केला, कारण धाग्यांच्या अशा ढगाआड बीजाणूही असू शकतात. आता असा इशारा 'बहुधा धागे' या शिक्क्यासह येतो, पण फिल्टर दर वेळी तपासला जातो. त्यासाठी लागणाऱ्या रसायनांचा खर्च कोणी उचलायचा, यावर आमचा आणि स्थानक प्रशासनाचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.