८० ग्रॅमचा हट्ट

हिशोबाने पाहिलं तर तळहाताएवढ्या माशाचे फिले, म्हणजे बिनकाट्याच्या मांसाच्या सपाट फाका काढणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. २५० ग्रॅमची चिलापी (तिलापिया) घ्या. डोकं, मधला काटा, कातडी आणि पोटातलं सगळं बाजूला गेलं, की दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम ८० ग्रॅम मांस हाती लागतं. दोन तृतीयांश मासा पाटावरच राहतो. मोठ्या माशाला जेवढे वार लागतात तेवढेच या पिटुकल्यालाही लागतात, वर जपायचं जास्त. शहाणी माणसं असा मासा खवलं काढून, चिरा देऊन अख्खाच तव्यावर टाकतात आणि काट्यांचं काय ते ताटात बघून घेतात. त्यांचं काही चुकतं असं नाही. पण काट्याच्या धास्तीने माशाला हातच न लावणारं कुणी घरात असेल आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला असल्या किडुकमिडुक कामाची खाज असेल, तर हा उद्योग होतोच. ती खाज मला आहे.

पोट मात्र आधी साफ करायचं नाही. सांगितलं की लोकांना पटत नाही, पण लहान माशाचं पोट उघडलं की तो लेचापेचा होतो, सुरीला खाली आधार उरत नाही. अख्खा मासा कसा ताठ पडून राहतो. शिवाय आतली पित्ताची पिशवी बंदच राहते. ती एकदा फुटली, की हिरवट कडू पाणी जिथे लागेल तिथलं मांस वाया जातं. कातडी काढायचीच असेल तर खवलं खरवडण्याचा खटाटोपही नको. फडक्याने मासा कोरडा करायचा आणि पाठीवरच्या पराला मान द्यायचा. चिलापीच्या त्या पराला पंधरा-सोळा तरी अणकुचीदार काटे असतात आणि मासा मेला तरी ते आपलं काम विसरत नाहीत.

सुरी पातळ हवी, किंचित वाकणारी, १५ सेंटीमीटरचं पातं पुरे. धार तर हवीच हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हाताला काही कळेनासं होतं. हे काम डोळ्यांचं नाहीच मुळी. कल्ल्याच्या झाकणामागून, छातीच्या पराच्या मागे तिरका छेद द्यायचा, पातं मधल्या काट्याला टेकलं की थांबायचं. मग पाठीच्या कडेने, परांना खेटून, लांब पण उथळ हात मारत शेपटीकडे जायचं. दुसऱ्या खेपेला पातं आत सरकतं आणि उभ्या काट्यांच्या रांगेवरून जाताना कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा टर्र आवाज येतो. हा आवाज येत राहिला म्हणजे मांस वर सुटतंय, काटा खाली राहतोय. आवाज बंद पडला की समजावं, सुरी भरकटली. मग एक तर मांस काट्यावर राहतंय, नाही तर पातं काट्यातच घुसतंय. दोन्हीवर उपाय एकच : मागे यायचं आणि पुन्हा ऐकायचं.

बरगड्यांपाशी लहान मासा माणसाची परीक्षा बघतो. मोठ्या माशाच्या बरगड्या सरळ कापून नंतर फिलेतून काढता येतात. इथे त्या इतक्या बारीक, की कापल्या तर फिलेत हरवून जातात. म्हणून मांसाची कड अंगठ्याने वर उचलत, सुरीच्या टोकाने बरगड्यांच्या घुमटावरून हलकेच उतरायचं. त्या घुमटाखाली चिलापीचं आतडं वेटोळं घालून बसलेलं असतं, शरीराच्या कितीतरी पट लांब. शेवाळ खाणाऱ्याला ते पचवायला तेवढा लांबचा रस्ता लागतो. सुरीने त्या रस्त्याला धक्का लावायचा नाही.

या टप्प्यावर फिले उताणा करण्याआधी कातडीकडे एकदा नीट बघावं. माशाच्या कुशीवर बारीक ठिपक्यांची एक रेघ असते, पाण्याची हालचाल त्याला तिथून कळते. बहुतेक माशांत ती डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग जाते. चिलापीत ती मध्येच तुटते. पुढचा तुकडा पाठीकडे वर, मागचा खाली मधोमध. आधी वाटतं खवलंच सरकली असतील. पण दुसरी कूस बघितली, तर तिथेही तशीच तुटलेली.

कातडी सोलताना सुरी चालवायचीच नाही, हे कळायला लोकांना वेळ लागतो. बोटांना मीठ लावून शेपटीकडचं टोक चिमटीत धरायचं, पातं जवळजवळ आडवं करून जागेवर ठेवायचं आणि कातडीच डावी-उजवीकडे हलवत ओढायची. मग डोक्याकडच्या भागात मधोमध बोट फिरवलं की एक आखूड काटेरी ओळ टोचते. तिच्या दोन्ही बाजूंनी छेद देऊन ती पट्टी उचलून टाकली की चिलापीचं काम संपतं.

रोहूच्या पिल्लावर हे सगळं करून बघाल, तर मात्र सपशेल हार. त्या कुळातल्या माशांत मधल्या काट्याशी अजिबात न जोडलेले, मांसातच मोकळे रुतलेले काटे असतात. कितीतरी टोकाशी दुभंगलेले, शंभराच्या आसपास, कधी जास्तच. स्नायूंच्या थरांमधले पडदेच जागोजागी हाड होऊन बसलेले असतात, तिथे सुरी काय करणार? चीनमधल्या संशोधकांनी जनुकांत फेरफार करून असे काटे नसलेले कार्प, म्हणजे रोहूच्याच कुळातले मासे, तयार केलेत, इतका हा माणसाच्या घशाशी आलेला प्रश्न आहे. तोवर घरगुती तोड अशी : काटे काढायचेच नाहीत. कातडी शाबूत ठेवून मांसाला दर ३ मिलिमीटरवर आडव्या चिरा द्यायच्या आणि कडक तेलात तळायचं. तुकडे झालेले काटे तेलात कुरकुरीत होतात, दाताला लागले तरी घशाला लागत नाहीत.

वासाचं म्हणाल, तर तळ्यातल्या माशाला येणारा मातकट वास मातीचा नसतोच. पाण्यातले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, ते माशाच्या चरबीत जाऊन बसतं. आंबट लावलं की ते विरघळून नाही पण मोडून जातं, म्हणून लिंबू. फिले शिजतो मात्र चटकन. माशाचं वजन पाणीच तोलून धरत असल्यामुळे त्याच्या मांसात चिवट धागे कमीच. एवढ्या पातळ फाकेला दर बाजूने दोन मिनिटं खूप झाली. फक्त मध्ये कच्चट ठेवायची हौस नको, गोड्या पाण्यातल्या माशात कृमी असू शकतात.

पाटावर उरलेलं डोकं आणि मधला काटा टाकून देऊ नये. कल्ले आणि आतडी तेवढी काढायची, नाही तर पाणी कडवट होतं. अर्धा तास मंद आचेवर ठेवलं की चांगला रस उतरतो. आणि शिजलेल्या डोक्यात, डोळ्याच्या खाली, दोन्ही गालांवर मांसाची एकेक गोटी असते, वाटाण्याहून थोडी मोठी. अख्ख्या माशातला सगळ्यात लुसलुशीत घास तोच. फिले ज्यांना खायचे त्यांनी खुशाल खावेत. गालांची वाटणी होत नाही, ते सुरी धरणाऱ्याचे.