व्हेटेल जिंकला म्हणे

भारतातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीला मी होतो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग व्हेटेलला पाहिलंस?" म्हणजे ती शर्यत जिंकलेल्या जर्मन ड्रायव्हरला. नाही पाहिलं. मला दिसली ती ग्रँडस्टँडची मागची बाजू, आणि तिथल्या जिन्यांवरून उतरून फुकटची टोपी मागायला येणारी माणसं.

ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. एका प्रायोजक कंपनीच्या स्टॉलवर काम मिळालं होतं. दिल्लीहून बसने पहाटे न्यायचे, रात्री आणून सोडायचे. त्या प्रवासातलं सांगण्यासारखं म्हणजे धूळ, बाकी काही नाही.

स्टॉलचा नियम सोपा: फॉर्म भरा, मोबाइल नंबर द्या, टोपी घ्या. लोक आमच्यापेक्षा हुशार. एका काकांनी बेधडक मेव्हण्याचा नंबर लिहिला आणि वर मला डोळा मारला. चाक बदलायची स्पर्धाही होती. खऱ्या गाडीसारखंच मधोमध एकच नट असलेलं चाक आणि हवेवर चालणारी गन. खरे मेकॅनिक तेव्हा चारेक सेकंदांत चारही चाकं बदलायचे. आमच्याकडे एकाच चाकावर लोक घाम गाळायचे आणि गन खराब आहे म्हणायचे. भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनच्या टीमची टोपी आहे का, असं तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं. नव्हती. विचारणाऱ्याला वाटायचं, मी मुद्दाम नाही म्हणतोय.

शुक्रवारी सराव चालू असताना आवाज एकदम थांबला. ट्रॅकवर कुत्रा शिरला होता. पुढचा तासभर आम्ही प्रायोजकाची जाहिरात कमी आणि कुत्र्याच्या बातम्या जास्त दिल्या.

रविवारी मात्र माझं डोकं फिरलं. शर्यतीआधी डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेली यांच्यासाठी एक मिनिट स्तब्धता होती. दोघेही रेसर, त्याच महिन्यात रेसमधल्या अपघातात गेलेले. हजारो माणसं उभी, गप्प, आणि आमच्या स्पीकरवर जिंगल चालू! सुपरवायझरला म्हटलं, बंद करा. तो म्हणाला, वरून विचारावं लागेल. एका मिनिटाच्या शांततेसाठी वरून विचारणार! मी टेबलाखाली वाकून प्लग उपटला. तो काही बोलला नाही, नंतर संध्याकाळी बोलला, भरपूर बोलला. बोलू दे.

तीन वाजता शर्यत सुटली आणि स्टॉल ओस पडला. तेव्हाची इंजिनं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, २.४ लिटरची, मिनिटाला १८,००० फेरे मारणारी. तो आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येतो. आमच्याकडे वाटायला फोमचे इअरप्लग होते. बोटांत वळून बारीक करायचे, कानात घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. शेजारच्या गेटवरचा सुरक्षारक्षक जवळच्याच गावचा. त्याला कसे घालायचे ते दाखवलं. त्याने एक घातला आणि दुसरा खिशात टाकला, घरच्यांना दाखवायला. आता जिथे पार्किंग आहे तिथे आमचा गहू असायचा, म्हणाला, आणि पुन्हा आवाजाच्या दिशेने मान वळवली. गाड्या त्यालाही दिसत नव्हत्या. पण काही फेऱ्यांनंतर आम्हाला एवढं कळायला लागलं की सगळ्यात पुढचा आवाज एकटा येतोय आणि मग बराच वेळ काही नाही. तो व्हेटेल होता. पहिल्या फेरीपासून साठाव्यापर्यंत पुढेच. सचिनने चेकर्ड फ्लॅग दाखवला तेव्हा उठलेल्या आरोळीवरून संपलं ते समजलं. कार्तिकेयन सतरावा आला, हे एका टोपीवाल्या गिऱ्हाइकाने सांगितलं.

मग सगळे एकदम आले. टोप्या संपल्या होत्या, लोक चिडले होते. एका मुलाने आमच्या दारातला पुठ्ठ्याचा ड्रायव्हरच मागितला, माणसाएवढा उंच. मी देऊन टाकला. तो परत गोदामात पाठवायचा होता, असं साहेब बसमध्ये म्हणाले.