एकाच भिंतीचे दोन राखाडी

सकाळी आठलाच काकांचा फोन. "रंग चुकलाय. निळा मारून ठेवलाय तुमच्या माणसांनी."

आदल्या दिवशीच त्यांच्या बैठकीच्या खोलीला पहिला हात दिला होता. मध्यम राखाडी. शेडकार्डावर परावर्तनाचा आकडा ४२, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला साधारण ४२ टक्के परत फेकणारा. रंगकामात मला सगळ्यात जास्त धास्ती या राखाडीचीच असते. फिका असला तर पांढऱ्यात खपून जातो, गडद असला तर काळ्याकडे झुकतो. मधल्या राखाडीला मात्र स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे शेजारच्या प्रत्येक रंगाचा त्याच्यावर परिणाम होतो. खिडकीबाहेर झाड असेल तर हिरवट होतो. पिवळसर लाकडी फरशीशेजारी तोच उलट निळसर दिसू लागतो.

पोचल्यावर आधी डब्यांवरचे शेड नंबर पाहिले. बरोबर होते. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग, वाळल्यावर थोडं गडद होतं, पण रात्रभरात ते पुरतं वाळलं होतं. कार्ड भिंतीला टेकवलं, फरक नाही. मग संशय दिव्यांवर गेला, कारण ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली राखाडी निळा पडतो आणि २७०० च्या पिवळ्या दिव्याखाली मातकट. दिवे बंद करून पडदे बाजूला सारले. काका म्हणाले, "निळाच आहे." काकू म्हणाल्या, "अहो, निवडला होता तोच आहे हा."

दोघंही ठाम. मी काकांच्या हातात कार्ड दिलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे ते कार्डच नव्हे."

कार्ड तेच होतं, मागे काकूंच्या हातची खूणसुद्धा होती. तेव्हा मी विचारलं, "काका, मधे डोळ्यांचं काही झालं का?" उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू तीन आठवड्यांपूर्वी काढला होता. रंग निवडला तो त्याच्याही आधी.

मी त्यांना उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितलं. डाव्या डोळ्याने भिंत पाहून ते लगेच म्हणाले, "हा! हाच माझा रंग." मग डावा झाकला. या वेळी बराच वेळ बोलले नाहीत. मान वर करून छत पाहिलं, मग काकूंचा पांढरा दुपट्टा पाहिला, पुन्हा डोळा बदलून पाहिला. "म्हणजे इतकी वर्षं मी सगळं पिवळं बघत होतो?"

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, मोतीबिंदूत आणखीच. निळा उजेड ते अडवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. भिंग बदललं की निळा एकदम आत येतो. लाल पडद्यात हा फरक चटकन जाणवला नसता, राखाडीत लपायला जागा नव्हती. एवढी वर्षं लोकांना मी खोलीची दिशा, दिवे, फरशी विचारत आलो. डोळ्यांचं विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

माणसं दुसरा हात द्यायला रोलर भिजवून उभी होती. मी काम थांबवलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं आणि नव्या भिंगाला नजर सरावायलाही वेळ लागतो. अर्ध्या नजरेने रंग ठरवण्यात अर्थ नव्हता. काकांना ते पटलं. काकूंना एका हातावरची भिंत इतके दिवस बघत बसणं जड गेलं, आणि ते रास्तच होतं.

अडीच महिन्यांनी दोन-दोन फुटांच्या चार पाट्या रंगवून नेल्या, प्रत्येकीवर पुरते दोन हात. थेट भिंतीवर ठिपके मारले असते तर मागच्या रंगाने फसवलं असतं. एक पाटी जुन्याच शेडची, बाकींत यलो ऑक्साइड हे पिवळं रंगद्रव्य थोडं थोडं वाढवलेलं. दोन दिवस काका त्या पाट्या खिडकीजवळ, कोपऱ्यात, दिव्याखाली हलवत राहिले. जुनी शेड त्यांना आता निळी वाटत नव्हती, पण थंड वाटत होती. त्यांनी तिच्या शेजारची, किंचित उबदार पाटी उचलली. काकूंना जुनीच हवी होती. शेवटी दिवसभर त्या खोलीत बसणारे काकाच, म्हणून त्यांची पाटी ठरली.

कपाटामागची पट्टी मात्र काकूंनी रंगवू दिली नाही. पहिल्या हाताचा राखाडी तिथे अजून तसाच आहे.