एकाच अमावास्येचे दोन सण

गुरुवार, १९ मार्च २०२६, पुणे

आज पाडवा. उद्या रात्री सव्वाआठच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर येईल आणि त्या क्षणी इराणी विद्यार्थ्यांचं नवरोज सुरू होईल. चंद्र दिसला की एक-दोन दिवसांत ईद. वसतिगृहात तिन्हींची तयारी एकाच वेळी चालली आहे.

पाडवा आणि ईद इतके जवळ आले, कारण दोन्ही एकाच अमावास्येनंतरचे. पण हिजरी वर्षात अधिक मास नसतो, म्हणून रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. आपल्याकडे यंदा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलला आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असेल. अधिक मास कशासाठी, हे घरात कुणी विचारत नाही. सुदानहून आलेला शेजारी विचारतो, तेव्हा पंचांग उघडून नीट समजून घ्यावं लागतं. परदेशी मित्रांकडून होणारं पहिलं शिक्षण हेच, असं मला वाटतं: आपलंच घर नव्याने कळतं.

इथिओपियाचं कॅलेंडर तर तेरा महिन्यांचं. शेवटचा महिना पाच किंवा सहा दिवसांचा, नवं वर्ष ११ सप्टेंबरला (कधी १२ला), आणि सन आपल्या वापरातल्या सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. म्हणून एखाद्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९९६ आणि पासपोर्टवर २००४ दिसू शकतं. कारकुनाला वाटतं खाडाखोड आहे. अशा वेळी सोबत गेलेल्या मित्राने दाखल्यावरचं कॅलेंडर कोणतं, एवढं दाखवून दिलं तरी काम पुढे सरकतं. त्यांचं घड्याळही सूर्योदयापासून मोजतं: आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. नुकत्याच आलेल्या मुलाशी वेळ ठरवताना 'नाश्त्यानंतर' किंवा 'दुपारच्या जेवणाआधी' असंही सांगावं.

नावांचंही तसंच. इथिओपियात स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, आडनाव नाहीच. अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव जातं आणि मग शिक्षक मुलीला तिच्या वडिलांच्या नावाने हाक मारत राहतात. प्रवेश अर्ज आणि परीक्षा अर्ज, दोन्हींत नावांचा क्रम पासपोर्टप्रमाणेच ठेवायचा, नाहीतर गुणपत्रिकेवर वेगळाच माणूस उगवतो.

जेवणात घोळ होतो तो चांगल्या मनानेच. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन इथिओपियन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. मांस, अंडी, दूध, तूप, सगळं वर्ज्य, पण डाळ-धान्य चालतं. आपण आपल्या समजुतीने तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि दही पुढे करतो. दोन्ही त्यांना चालत नाही. तेलातलं पिठलं मात्र चालतं, आणि आवडतंही, कारण त्यांच्याकडे हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या पिठाचं शिरो असतं.

डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली सिम्बायोसिस सुरू केली, तीच परदेशी विद्यार्थ्यांना पुण्यात आधार मिळावा म्हणून. तो आधार आजही लागतो, आणि तो झेंडे-पोशाखांच्या कार्यक्रमातून मिळत नाही. त्या दिवशी फोटो होतात, ओळखी होत नाहीत. ओळख होते कागदपत्रांच्या रांगेत. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आल्यावर १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, तरी राहण्याचा पुरावा लागतो, आणि घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करायला टाळाटाळ करतो. तिथे मराठीत बोलणारा एक वर्गमित्र मोठं काम करतो.

वर्गातल्या गटाबद्दल माझं मत पक्कं आहे: चार मराठी आणि एक परदेशी, असा गट करू नये. दहा मिनिटांत बोलणं मराठीवर येतं आणि तो एकटा मोबाइल बघत बसतो. चौघांचा गट, त्यात दोन वेगळ्या देशांतले, म्हणजे सगळ्यांनाच इंग्रजीत बोलावं लागतं. शिवाय 'तुमच्या देशात काय करतात?' असं सारखं विचारू नये. इथिओपियात ऐंशीहून अधिक भाषा आहेत, अफगाणिस्तानात पश्तून, ताजिक, हजारा यांचं जगणं वेगवेगळं. एकाने सगळ्यांच्या वतीने काय सांगावं? 'तुझ्या गावात', 'तुझ्या आईकडे' असं विचारलं की उत्तरं लांबतात, आणि मग तोही आपल्या गावाबद्दल विचारतो.