निवारा काढला खरा, पण बोर्ड कुठे लावायचा?

नवऱ्याच्या छळामुळे घर सोडलेल्या बायका आणि त्यांच्या पोरांसाठी आम्ही निवारा काढलाय. लोक विचारतात, संस्था रजिस्टर करायला फार त्रास झाला असेल ना? खरं सांगू, तो भाग बरा होता. सात सभासद जमवले, घटना लिहिली, धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज टाकला, त्रुटी निघाल्या त्या भरल्या, मग १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली असे दोन्ही नंबर आले. वेळ गेला, पण निदान कुठे अडलंय ते तरी कळत होतं.

घराचं तसं नाही. आमचं तालुक्याचं गाव, घरमालक चहा पाजणार, "चांगलं काम करताय ताई" म्हणणार आणि भाडेकराराचा विषय काढला की "त्या बायकांचे नवरे इथे येऊन राडा करतील, आमच्या घरात लग्नाची मुलगी आहे". शेवटी बचत गटातल्या एका काकूंनी त्यांचं जुनं घर दिलं. त्यांच्या मुलाला ते अजून पटलेलं नाहीये.

काहीजण म्हणाले सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे छळ झालेल्या बायकांसाठीचं मदत केंद्र, आहे की, मग तुमचं कशाला? आहे, आणि चांगलं आहे, आम्ही पण तिकडे बायकांना नेतो, पण मुक्काम साधारण पाच दिवसांचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लिहिलंय की बाईच्या अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, प्रत्यक्षात किती लांबतं ते कोर्टात खेटे घातलेल्यांना विचारा. मग मधल्या काळात ती बाई पोरं घेऊन राहणार कुठे, परत त्याच घरात?

आता पत्ता लपवायचं काम. येणारी बाई चौकात उतरते, आम्ही घ्यायला जातो. आल्या आल्या आधी जेवण आणि मग मोबाईल तपासायचा, कारण बऱ्याच जणींचं गूगल अकाउंट नवऱ्याच्याच फोनवर चालू असतं, लोकेशन सगळं दिसतं त्याला. पोरांच्या शाळेचं अजून नाजूक, जुन्या शाळेत दाखला मागितला की संध्याकाळपर्यंत सासरी बातमी. म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची प्रिंट माझ्या पर्समध्येच असते, आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हेडमास्तर वाचतात, चष्मा काढतात, आणि मग घेतात.

सध्या शासनाच्या यादीत निवारागृह म्हणून यायला प्रस्ताव दिलाय. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, दर्शनी भागात बोर्ड पाहिजे. मी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतला सोळावा नियम दाखवला, बाईची तशी इच्छा असेल तर, ती इथे राहते हे निवारागृहाने समोरच्या पार्टीला सांगायचं नाही, आणि साहेब, बोर्ड लावला तर सांगायचं काय बाकी राहिलं? ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "असं करा, बोर्ड आतल्या भिंतीला लावा आणि फोटो जोडा."