बुडापेस्टचं संसद भवन: आधी नदीपलीकडून बघा

बुडापेस्टला जाणार असाल तर संसदेचं तिकीट हॉटेलच्या बुकिंगबरोबरच ऑनलाइन काढून टाका. आम्ही चार दिवस आधी बघितलं तर इंग्रजी गटाच्या सकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. आपल्याला युरोपीय संघाच्या नागरिकांपेक्षा दर जास्त पडतो. मोठ्या सॅक हॉटेलवरच ठेवा, आत जाताना तपासणी होते.

वेळ दुपारची मिळाली हे एका अर्थी बरंच झालं. सकाळी दोन नंबरच्या मेट्रोने डॅन्यूबखालून पलीकडच्या बाथ्यानी चौकात गेलो. २६८ मीटर लांबीची ही वास्तू तिथूनच पूर्ण नजरेत मावते. टोकदार मनोरे गॉथिक वळणाचे, मधला घुमट मात्र रेनेसाँस पद्धतीचा. घुमटाची उंची ९६ मीटर. मग्यार, म्हणजे हंगेरियन लोक या भूमीत आले ते इ. स. ८९६ च्या सुमारास, आणि १८९६ साली त्याची सहस्राब्दी साजरी झाली. त्या आकड्याची ही खूण. वास्तुविशारद इम्रे श्टाइंडल. काम १८८५ ला सुरू झालं, १९०४ ला संपलं, आणि श्टाइंडल १९०२ मध्येच गेले. पुरी झालेली इमारत त्यांना बघायला मिळाली नाही, हे नंतर आतला जिना चढताना सारखं मनात येत होतं.

इमारतीचे दोन्ही भाग आरशातल्यासारखे सारखे, कारण पूर्वी सभागृहं दोन होती. आता संसद एकाच सभागृहाची, म्हणून वरिष्ठ सभागृहाची जुनी जागा पाहुण्यांना दाखवतात. मला सगळ्यात आवडले ते बाहेरच्या मार्गिकेतले पितळी सिगार-स्टँड. प्रत्येक खाचेला क्रमांक! आत भाषण ऐकायला जाताना सदस्य आपली पेटती सिगार तिथे ठेवत आणि परतल्यावर आपल्याच क्रमांकावरून उचलत. सोन्याच्या वर्खाने मढलेल्या त्या वास्तूत माणसांची वर्दळ मला जाणवली ती इथे. गाईड पुढे निघाला तरी दोन मिनिटं थांबा.

घुमटाखाली हंगेरीचा राजमुकुट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेच्या ताब्यात होता, १९७८ मध्ये परत आला. तिथे फोटो काढू देत नाहीत.

आतला फेरफटका पाऊण तासाचा. अधिवेशनाच्या दिवसांत वेळा बदलतात, तेवढं तपासून घ्या. बाहेर पडल्यावर नदीकाठाने दक्षिणेला पाचेक मिनिटं चाललं की काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड दिसतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या, त्यांचं हे स्मारक. संध्याकाळचा अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवा.